नावं आठवत नाहीत म्हणून सुडोकू? आधी बीपी आणि कान बघा

प्रश्न: माझं वय ५६. ठाण्यात पाचपाखाडीला राहते, बँकेत नोकरी आहे. वर्षभर झालं, ओळखीच्या माणसांची नावं ऐन वेळी आठवत नाहीत. गॅसवर दूध ठेवून विसरते. आतल्या खोलीत जाते आणि कशाला आले तेच आठवत नाही. आईला ७८व्या वर्षी अल्झायमरचं निदान झालं, त्यामुळे भीती वाटते. रोज सुडोकू सोडवते, मोबाइलवर मेंदूच्या व्यायामाचं ॲप घेतलंय, ब्राह्मीच्या गोळ्याही सुरू केल्यात. आणखी काय करू? एमआरआय काढून घेऊ का? (शाकाहारी आहे. पित्ताची गोळी रोज. बीपीची गोळी आहे, आठवण झाली की घेते.)

उत्तर:

ताई, सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही कंसात लिहिलंय. बीपीची गोळी आठवण झाली की घेता. त्याकडे येतोच, पण आधी भीतीचं बघू, कारण ती डोक्यात असेपर्यंत बाकीचं कानावरून जातं.

नाव ऐन वेळी न सुचणं आणि माणूस निघून गेल्यावर जिन्यात सुचणं, यात नाव मेंदूत शाबूत असतं, ते बाहेर काढायला वेळ लागतो. पन्नाशीनंतर हे बहुतेकांना होतं. दुधाची गोष्ट वेगळी आहे. दूध ठेवताना फोन वाजला, किंवा मनात बँकेचं काहीतरी चाललेलं होतं. म्हणजे 'दूध ठेवलंय' ही नोंद मुळात झालीच नाही, आणि जे नोंदलंच गेलं नाही ते विसरायचा प्रश्न येत नाही. हा लक्षाचा मामला आहे.

मला काळजी वाटते ती अशी माणसं आली की. तासाभरात तोच प्रश्न तीनदा विचारणारी, आणि आधी विचारल्याचं सांगितलं तर न पटणारी. तीस वर्षं पुरणपोळ्या केलेली बाई, जिला अचानक कृतीचा क्रम लागत नाही. गोखले रोडवरून घरी जाताना नेहमीचं वळण न ओळखणारे आजोबा. तुमच्या बाबतीत, वर्षानुवर्षं केलेला दिवसअखेरचा हिशेब जुळवताना तुम्ही अडायला लागलात, तर ते मी गंभीरपणे घेईन. आणखी एक खूण, नियम नव्हे, पण बहुतेक वेळा लागू पडणारी: पेशंट म्हणतो 'मी फार विसरतो' आणि घरचे म्हणतात 'काही नाही हो', तेव्हा मी जरा निवांत असतो. पेशंट म्हणतो 'मला काही झालेलं नाही' आणि मागे उभी असलेली सून नुसती बघत राहते, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढतो.

आईच्या आजाराबद्दल. एका जनुकातल्या दोषामुळे पिढ्यान्‌पिढ्या येणारा अल्झायमर असतो, पण तो फार थोड्या घरांत, आणि चाळिशी-पन्नाशीतच दिसू लागतो. ७८व्या वर्षी आलेला आजार त्या प्रकारचा नसतो. तुमचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त आहे हे खरं, पण आई तशी म्हणजे लेक तशी, असं गणित इथे नाही. बाजारात जनुकाची चाचणी मिळते, ती आत्ता करू नका. निकाल काहीही आला तरी मी तुम्हाला पुढे जे सांगणार आहे त्यात एक ओळही बदलणार नाही.

एमआरआयही आत्ता नको. आधी साध्या रक्ततपासण्या करा: बी-१२, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, सोडियम. शाकाहारी आहात आणि पित्ताची गोळी रोज घेता, या दोन्हींनी बी-१२ कमी होतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही होतं. कमी निघालं तर भरून काढा, फरक पडतो. नॉर्मल असेल तर 'मेंदूच्या ताकदीसाठी' म्हणून इंजेक्शनांचा कोर्स घेऊ नका, लघवीवाटे पैसे जातील.

मग औषधांची पिशवी. हा भाग डॉक्टरही घाईत टाळतात. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, लघवी वारंवार होते म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, पाठदुखीसाठी किंवा झोपेसाठी सुरू झालेलं ॲमिट्रिप्टिलिन, ही सगळी औषधं ज्या रसायनावर स्मरणशक्ती चालते त्या ॲसिटिलकोलिनलाच अडवतात. झोपेच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या दुसऱ्या वाटेने तोच घोळ करतात. वडिलांसाठी कधीकाळी लिहून दिलेली चिठ्ठी दाखवून मुलगा दर महिन्याला त्याच गोळ्या आणतो, असं घरोघरी चालतं. या गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, विशेषतः झोपेच्या, पण यादी घेऊन डॉक्टरांसमोर बसा. साठी-सत्तरीच्या माणसाचं 'विसरणं' दोन औषधं बदलून निम्मं कमी झालेलं मी अनेकदा पाहिलंय.

तुमच्या वयात पाळी जाण्याच्या सुमाराची तुटक झोप, रात्रीचा घाम आणि उदास मन यांनीही डोकं धुक्यात असल्यासारखं वाटतं. आईची सेवा घरी तुम्हीच करत असाल तर ते ओझं वेगळंच. हे सगळं बरं होण्यासारखं आहे.

एमआरआय किंवा सीटी स्कॅन कधी लागतो तेही सांगून ठेवतो, आईसाठी उपयोगी पडेल. विसरणं काही आठवड्यांतच झपाट्याने वाढलं. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडू लागले आणि लघवीवर ताबा राहिला नाही. किंवा बाथरूममध्ये घसरून डोकं आपटलं होतं, तेव्हा काही झालं नाही म्हणून सोडून दिलं आणि नंतर माणूस सुस्त होत गेला. वयस्कर माणसाला, त्यातून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर, कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत जातं. वेळेत काढलं तर माणूस पूर्ववत होतो. आणि काल बरा होता, आज एकदम बरळायला लागला, असं झालं तर तो डिमेन्शिया (स्मृती आणि विचारशक्ती हळूहळू ढासळत जाणारा आजार; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) नव्हे. रक्तातलं सोडियम उतरलं असेल, लघवीत जंतुसंसर्ग असेल. तेव्हा त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

आता बीपी.

स्मरणशक्ती तल्लख करणं आणि मेंदू म्हातारपणापर्यंत टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं सरावाने होतं. दुसरं रक्तवाहिन्या, कान, झोप आणि पाय यांच्या जोरावर होतं. लोक पहिल्या कामाची साधनं विकत घेतात आणि दुसरं काम त्यानेच होईल असं समजतात. तुमचं तेच चाललंय.

मेंदूच्या आतल्या भागाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसासारख्या बारीक असतात. वर्षानुवर्षं चढ्या दाबाने त्या कडक होतात, बुजतात, आणि त्यांच्या टोकाचा मेंदूचा तुकडा गुपचूप मरतो. लकवा होत नाही, तोंड वाकडं होत नाही, म्हणून कळत नाही. अमेरिकेतल्या स्प्रिंट या अभ्यासात नऊ हजारांवर लोकांचे दोन गट केले, एकाचं वरचं बीपी १४०च्या खाली ठेवलं आणि दुसऱ्याचं १२०च्या. २०१९मध्ये आलेल्या निकालात दुसऱ्या गटात स्मृती-विचारशक्ती मंदावण्याची सुरुवातीची अवस्था १९ टक्क्यांनी कमी दिसली. मला त्याहून आवडतो तो चीनमधला अभ्यास, २०२५मध्ये प्रसिद्ध झालेला. ३२६ खेडी, सुमारे ३४ हजार माणसं. निम्म्या खेड्यांत गावातल्या साध्या वैद्यकीय कार्यकर्त्यांनी गोळ्या देऊन, पाठपुरावा करून बीपी १३०/८०च्या खाली आणलं. चार वर्षांत त्या खेड्यांत डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी. मोठं हॉस्पिटल नाही, न्यूरोलॉजिस्ट नाही, ॲप नाही. स्वस्त गोळी, पण रोज.

तेव्हा तुमची गोळी आजपासून दात घासायच्या ब्रशशेजारी. सोमवार ते रविवार खाने असलेली डबी केमिस्टकडे मिळते, ती आणा. घरी दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा आणि मग मोजा. चहा पिता पिता, टीव्हीवरच्या मालिकेतल्या भांडणाच्या वेळी मोजू नका. घरचा आकडा सातत्याने १३५/८५च्या वर असेल तर औषध अपुरं आहे. मिठाचंही बघा. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि लोणचं, पापड, फरसाण मिळून ती दुपारीच ओलांडली जाते. सुकट-बोंबील खाणाऱ्या घरांत तर विचारूच नका.

कानांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. कुणीच लिहीत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणारी, पण आपल्याला बदलता येण्यासारखी चौदा कारणं मांडली. त्या सगळ्यांवर काम झालं तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतील किंवा लांबू शकतील असा त्यांचा हिशेब. त्यात मध्यम वयातलं कमी ऐकू येणं आणि वाढलेलं एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल ही दोन सगळ्यात वजनदार, प्रत्येकी ७ टक्क्यांची. बहिरेपणाचा मेंदूशी संबंध काय? ऐकू नीट येत नसेल तर अर्धवट शब्द जुळवण्यातच मेंदूची ताकद खर्च होते, लक्षात ठेवायला उरत नाही. आणि माणूस हळूहळू बोलण्यातून बाहेर पडतो. लग्नाला जायचं टाळतो, कट्ट्यावर गप्प बसतो. घरच्यांना वाटतं बाबा विसरायला लागले. बाबांनी मुळात ऐकलेलंच नसतं.

रबाळे, महापे, वागळे इस्टेटच्या कारखान्यांत मशीनच्या आवाजात आयुष्य काढलेल्यांचे कान पन्नाशीतच गेलेले असतात. त्यांना ते कळत नाही, बायकोला कळतं, कारण टीव्हीचा आवाज वाढतो. चष्मा लावायला कुणी लाजत नाही, कानाच्या मशीनला मात्र 'मी काय म्हातारा झालो?' २०२३च्या ॲचीव्ह अभ्यासात ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांपैकी निम्म्यांना मशीन दिलं. सगळ्यांची सरासरी काढली तर तीन वर्षांत फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण ज्यांना बीपी, मधुमेह यांसारखी इतर कारणं होती त्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. आपल्याकडे पासष्टीच्या पुढे याच गटातली माणसं जास्त. आधी कानातला मळ काढून घ्या. कित्येकांचं काम तिथेच होतं. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. दुकानातल्या महागड्या मशीनला बिचकत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या सरकारी संस्थेत कानांची तपासणी होते, आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सरकारी योजनेतून मशीनही मिळू शकतं. मोतीबिंदूचंही तसंच. पिकायची वाट बघत बसू नका; न सुधारलेली नजर त्या चौदांच्या यादीत २०२४मध्येच दाखल झाली.

साखरेबद्दल एकच सांगतो. मधुमेह आटोक्यात हवाच, पण आईच्या वयाच्या माणसाची साखर फार खाली खेचणं धोक्याचं. साखर वरचेवर उतरली की मेंदूलाच फटका बसतो. ऐंशीच्या आजींचं एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) साडेसहा आलं म्हणून पेढे वाटू नयेत, गोळ्या कमी करता येतील का ते विचारावं.

झोप. इंग्लंडमध्ये सुमारे आठ हजार सरकारी कर्मचाऱ्यांना पंचवीस वर्षं पाहिलं गेलं. पन्नाशी-साठीत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना पुढे डिमेन्शिया सुमारे ३० टक्के जास्त झाला. दिवसभरात जे शिकलो ते पक्कं होण्याचं कामही झोपेतच होतं. मालिका बघून साडेबाराला आडवं व्हायचं, पाचला डब्यासाठी उठायचं आणि मग स्मरणशक्तीची तक्रार करायची, हे ठाण्यातल्या निम्म्या नोकरदार बायकांचं आयुष्य आहे आणि यात दोष त्यांचा एकटीचा नाही. डबा करायला घरात आणखी हात असतात. यजमान, किंवा तुम्ही स्वतः, मोठ्याने घोरत मध्येच श्वास अडकल्यासारखं होत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या.

चालण्याबद्दल सगळे सांगतात, म्हणून थोडक्यात. २०११मध्ये १२० ज्येष्ठांवर झालेल्या एका प्रयोगात आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भाग, वर्षभरात दोन टक्क्यांनी वाढला; नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा आकसला. तुम्हाला कचराळी तलाव हाकेच्या अंतरावर आहे. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने चाला. मैत्रिणीबरोबर चाललात तर दोन कामं एकात, कारण एकटेपणाही लॅन्सेटच्या त्या चौदा कारणांत आहे.

आता स्मरणशक्तीचा सराव, ज्यासाठी तुम्ही लिहिलं होतं.

सुडोकूने सुडोकू सुधारतं. अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने दीडेक वर्ष आकडे लक्षात ठेवायचा सराव केला. सुरुवातीला सातेक आकडे आठवायचे, शेवटी ऐंशीच्या आसपास गेला. १९८०मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली. सहा आठवली. त्याची 'स्मरणशक्ती' वाढलीच नव्हती. तो धावपटू होता, आकड्यांना शर्यतीच्या वेळा समजून जोडत होता; अक्षरांना ती युक्ती चालेना. तुमच्या ॲपमधले गुणही असेच वाढतील आणि नावं तिथेच अडतील. नजरेने चटकन टिपण्याचा वेग वाढवणाऱ्या एका ठरावीक सरावाबद्दल थोडी आशा आहे, पण दुकानात मिळणारं प्रत्येक ॲप म्हणजे तो सराव नव्हे. सुडोकूत मजा येत असेल तर जरूर सोडवा, औषध म्हणून सोडवू नका.

म्हणून जे आठवायचंय त्याचाच सराव करा. नाव ऐकलं की लगेच एकदा मोठ्याने उच्चारा, 'बरं, सुलभाताई'. मिनिटभराने मनात आठवा, निरोप घेताना पुन्हा नाव घ्या, रात्री झोपताना एकदा. पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवण्याचा प्रयत्न जास्त टिकतो. २००६च्या एका प्रयोगात धडा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर त्यातलं ४२ टक्के आठवलं, आणि पुन्हा न वाचता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आपल्या आज्या पाढे म्हणायला लावायच्या तेव्हा वही बघू द्यायच्या नाहीत, ते बरोबरच होतं. आणि आठवायला जरा कष्ट पडले पाहिजेत. नाव सुचलं नाही की लगेच मोबाइल उघडू नका, दोन मिनिटं झगडा.

यादी लक्षात ठेवायची असेल तर ओळखीचा रस्ता वापरा. स्टेशनातून बाहेर पडलात, मग जांभळी नाका, कोपिनेश्वर मंदिर, तलावपाळी, गडकरी रंगायतन. प्रत्येक जागी एकेक वस्तू ठेवा, जितकी विचित्र तितकी चांगली: जांभळी नाक्यावर साबुदाण्याचा ढीग आणि त्यात अडकलेली रिक्षा, कोपिनेश्वराच्या दारात रांगेत उभे असलेले बल्ब. मग मनातल्या मनात चालत जा. युक्ती ग्रीकांपासूनची आहे. २०१७च्या एका अभ्यासात साध्या माणसांनी सहा आठवडे रोज अर्धा तास हा सराव केला, तेव्हा ७२ शब्दांपैकी आधी २६ आठवायचे ते ६२ आठवायला लागले, आणि चार महिन्यांनीही बराच फायदा शिल्लक होता. बँकेतली नवीन नियमावली अशी बसवून बघा.

गॅसवरच्या दुधासाठी मात्र सराव नको, टायमर लावा. चाव्या एकाच खुंटीला. चष्मा एकाच डब्यात. डोकं अशा कामांवर खर्च करू नये.

मेंदूला काही नवीन द्यायचंच असेल तर अवघड, माणसांमधलं आणि चुका होतील असं काहीतरी द्या. भजनी मंडळात जाऊन दर आठवड्याला नवा अभंग चालीसकट पाठ करणं मला सुडोकूपेक्षा कितीतरी वरचं वाटतं: पाठांतर, ताल, श्वास आणि शेजारणीशी गप्पा, सगळं एका ठिकाणी. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून आहे. तिथून पुस्तक आणा आणि वाचलेलं कुणाला तरी सांगा, नुसतं वाचू नका. नवी भाषा शिका. हैदराबादच्या निम्स या वैद्यकीय संस्थेत ६४८ डिमेन्शिया रुग्णांचा अभ्यास झाला, २०१३मध्ये प्रसिद्ध. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, आणि हा फरक शाळेची पायरी न चढलेल्यांतही होता. सोसायटीत शेजारी तमिळ आजी असतील तर वर्ग शोधायचीही गरज नाही.

ब्राह्मीचं म्हणाल तर काही छोट्या चाचण्यांत बारा आठवड्यांनी शब्द आठवण्यात थोडी सुधारणा दिसली आहे. डिमेन्शिया टळतो असा पुरावा नाही. परदेशातल्या गिंको या झाडपाल्याची तर मोठी चाचणी झाली, तीन हजारांवर ज्येष्ठ, सुमारे सहा वर्षं, निकाल २००८मध्ये: डिमेन्शिया तेवढाच. चांगल्या कंपनीच्या ब्राह्मीने तुमचं बिघडणार नाही, पण पुडीत बांधून मिळणारी, लेबल नसलेली 'बुद्धिवर्धक' भस्मं घेऊ नका. त्यात शिसं असू शकतं आणि शिसं मेंदूचाच घात करतं. यजमान तंबाखू खात असतील किंवा आई मिश्री लावत असेल तर ब्राह्मीचे पैसे ती सोडवण्यावर घाला.

आईच्या देखभालीत मदत लागली तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, आणि तुमचं स्वतःचं मन खचत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. दोन्ही मोफत, आणि दोन्हीकडे मराठीत बोलता येतं.

पुढे काय, ते असं. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ घरचं बीपी वहीत लिहा. रक्ततपासण्या आणि ऑडिओमेट्री करून घ्या. मग तुमच्या फिजिशियनकडे जा, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि ब्राह्मीची डबी बरोबर घेऊन, शक्यतो घरातलं एक माणूस सोबत. स्मृतीची छोटी लेखी चाचणी करायला सांगा आणि ती मराठीतच घ्यायला सांगा. त्यातलं शंभरातून सात-सात वजा करत जाणं ज्या भाषेत आपण पाढे शिकलो त्याच भाषेत नीट जमतं. त्या चाचणीतले आजचे गुण फाइलला लावून ठेवा. वर्षाने पुन्हा तीच चाचणी करा. तुलनेला हाताशी जुने गुण असले की आमचं काम फार सोपं होतं.